आप्पांची सुटलेली नाडी

ही गोष्ट सांगायला लागलं की समोरचा माणूस आधी तोंडाकडे बघतो, मग घड्याळाकडे बघतो आणि मग 'बराय, निघतो' म्हणतो. तुम्हीही विश्वास ठेवणार नाही. ठेवूच नका, आमची काही जबरदस्ती नाही. पण एका सकाळी आप्पांची नाडी सुटली, ती एका मांजरीने दातांत पकडली आणि त्यापायी पाच मजल्यांची अख्खी इमारत आठवडाभर इलॅस्टिकवर चालली, हे शंभर टक्के खरं आहे. शंभरातले दहा-बारा टक्के इकडे-तिकडे झाले असतील, तर ते गोष्ट आणता-आणता वाटेत सांडले असं समजा.

आप्पा म्हणजे नगरपालिकेच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे कागद शोधले आणि न सापडलेला कागद 'वर सहीला गेलाय' असं पापणी न लववता सांगितलं. ह्याला ते खोटं बोलणं म्हणत नसत, 'कामकाजी उत्तर' म्हणत. त्यांच्या आयुष्यात तत्त्वं तशी फार नव्हती, पण जी होती त्यातलं एक कमरेला होतं. पायजम्याला नाडीच हवी. इलॅस्टिकचं नाव काढलं की ते म्हणायचे, "नाडी हातात असेपर्यंत माणूस आपल्या पोटाचा मालक असतो. इलॅस्टिक आलं की भाडेकरू!" ह्यावर त्यांची बायको, जिला इमारतीत सगळे काकू म्हणत, एवढंच म्हणायची, "मालक, गाठ नीट मारा."

घरात तिसरी व्यक्ती म्हणजे अक्का, आप्पांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. एका वर्गात त्या 'गप्प बसा' म्हणाल्या की शेजारचे दोन वर्ग गप्प बसत, आणि रस्त्यावरचा भाजीवालाही क्षणभर थांबून आपलं काय चुकलं ते आठवू लागे. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यांनी ऱ्हस्व-दीर्घासाठी दोनदा छापखान्यात परत पाठवली होती. पण दहा महिन्यांपूर्वी दाजी गेले, आणि अक्का एक ट्रंक, लाल पेनांचा एक डबा आणि एक पांढरी मांजर घेऊन भावाकडे राहायला आल्या, त्या तीनच शब्द घेऊन. "हं", "नको" आणि "असू दे". दहा महिने त्यांचा सगळा संसार ह्या तीन शब्दांवर चालला होता.

मांजरीचं नाव खडू. नाव दाजींनी ठेवलेलं. आता खडू पुल्लिंगी आणि मांजर मादी, त्यामुळे घरात क्रियापदांचा नुसता गोंधळ. खडू आला म्हणावं की आली? एरवी अक्कांनी ह्यावर अर्धा तास घेतला असता. आप्पा मुद्दाम त्यांच्यासमोर म्हणायचे, "अक्का, खडू दूध पिलं." 'पिलं'! त्यात तेही नपुंसकलिंगी! एका वाक्यात दोन गुन्हे, आणि आप्पा आशेने कान पुढे करून उभे राहायचे. लहानपणी अशा प्रसंगी 'बाळ्या!' अशी हाक यायची आणि तो कान पिरगळला जायचा. अक्का खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "असू दे."

डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि आप्पांना बाहेर बोलावून सांगितलं, "शरीर ठणठणीत आहे. दुखतंय ते यंत्रात दिसत नाही. बोलतील, त्यांना बोलावंसं वाटेल तेव्हा. एकच करा, ती मांजर त्यांच्यापासून हलवू नका. मांडी सोडत नाही बघा. आपल्याला जे उशिरा कळतं ते ह्या प्राण्यांना आधी कळतं कधीकधी."

खरोखरच खडू दिवसभर अक्कांच्या मांडीवर असायची. (स्त्रीलिंगीच चालवू या, नाहीतर गोष्ट संपायची नाही.) ती दिवसातून एकदाच मनापासून उठायची. सकाळी आप्पा खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले की त्यांच्या पोटापुढे नाडीची दोन टोकं लोंबायची. खडू दबा धरून यायची, झेप घ्यायची, नाडी दातांत पकडायची आणि ओढायची. मग पुन्हा मांडीवर. जणू हजेरीपटावर सही करून यावी.

असं सगळं रांगेला लागलेलं असताना दारावर नोटीस चिकटली. इमारतीच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. हे सेक्रेटरी म्हणजे पट्टा काखेच्या जवळ बांधणारे आणि जिन्यातल्या चपलांचीही रांग लावून घेणारे गृहस्थ. नोटिशीत पाच ओळी होत्या: 'सुचना. मंडळाच्या निदर्शनास आले आहे कि आपल्या घरी पाळिव प्राणी आहे. नियम चौदाप्रमाणे पंधरा दिवसांत प्राणी हलवावा. उपयुक्त प्राण्यांस दाखल्यासह सूट. रहीवासी सभेचा निर्णय अंतीम राहील.'

आप्पांनी नोटीस काढून आणली आणि चहाच्या कपाशेजारी, अक्कांना दिसेल अशी, लाल पेनासकट ठेवली. अक्कांनी ती वाचली. 'सुचना'वरून नजर गेली. 'पाळिव'वर एक क्षण थांबली. आप्पांनी लाल पेन बोटभर पुढे सरकवलं. काकू दारात पोळपाट धरून थांबल्या. अक्कांनी नोटीस उलटी करून ठेवली, खडूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे." पण तो हात दुपारपर्यंत तिथून हलला नाही.

आप्पा त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले. मांजर गेली तर ही बाई उरलेले तीन शब्दही टाकून देईल, हे सांगायला कोणी डॉक्टर नको होता.

दुसऱ्याच सकाळी ते घडलं. आप्पा विचारांच्या नादात होते, गाठ सैल होती, खडूने झेप घेतली आणि नाडी सुटली. त्याच क्षणी उघड्या दारात विजेचं मीटर बघणाऱ्या बाई उभ्या! पुढचं वर्णन आम्ही करणार नाही, आप्पांना ते आवडायचं नाही. एवढंच सांगतो की खडूने दातांतली नाडी सोडली नाही आणि तिच्या जोरावरच पायजमा जागेवर राहिला.

तासाभराने काकू गॅलरीत फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होत्या.

"अगं, काय सांगू तुला! रोज सकाळी ह्यांची नाडी पकडते. कोण काय, मांजर! आज तर सुटलीच. हो ना, एकदम! मी धावत आले तर हे पांढरेफटक, नुसते भिंतीला धरून उभे. तिनेच घट्ट पकडून ठेवली म्हणून निभावलं बाई, नाहीतर आज ह्यांची गेलीच होती…"

इथे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि वाक्यातला 'अब्रू' हा शब्द वाफेत विरला. खालच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंपर्यंत तो पोचलाच नाही. ह्या बाईंना इमारतीत लाउडस्पीकर म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत.

आप्पा आंघोळ करून बाहेर येतात तो बैठकीच्या खोलीत सात-आठ माणसं उभी. चेहरे उतरलेले. पुढे लाउडस्पीकरबाई, त्यांच्यामागे तळमजल्यावरचा केमिस्ट, त्याच्या हातात रक्तदाबाचं यंत्र. आप्पांना चालत येताना बघून सगळ्यांना आनंद झाला, आणि थोडा विरसही.

"आप्पा, उभे कशाला राहिलात? बसा आधी," लाउडस्पीकरबाई म्हणाल्या.

"का? काय झालं?"

"लपवू नका आता. सकाळी नाडी सुटली होती ना तुमची?"

आप्पा कानापर्यंत लाल झाले. "तुम्हाला… कोणी सांगितलं?"

"अख्ख्या इमारतीला माहीत आहे."

"अख्ख्या!" आप्पांनी खुर्चीचा आधार घेतला. मीटरवाल्या बाईंकडून ही अपेक्षा नव्हती.

"त्यात लाजायचं काय? ह्या वयात सुटते. आमच्या सासऱ्यांची तर चारचौघांत जेवताना सुटली."

"अरेरे. मग?"

"मग काय, गेले."

आप्पांना त्या सासऱ्यांबद्दल आदर वाटला. एवढ्याशा गोष्टीवरून ताटावरून उठून गेले म्हणजे मानी माणूस असणार. "परत आले की नाही?" त्यांनी विचारलं.

बाईंनी केमिस्टकडे बघितलं. केमिस्टने डोक्याजवळ बोट नेऊन 'मेंदूला पुरवठा कमी पडलाय' अशी खूण केली आणि पुढे झाला. "आप्पा, तुमची नाडी मांजरीने पकडली म्हणे?"

"पकडली."

"घट्ट?"

"दातांत."

"दातांत! बघा!" केमिस्ट सगळ्यांकडे वळला. "माणसाने बोटांनी बघायची म्हटली तर दहा वर्षं शिकावं लागतं, आणि ही दातांनी बघते! डाव्या मनगटाची की उजव्या?"

आता आप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला. आतून काकूंच्या खोकण्याचा आवाज आला. तो खोकला 'सांगून टाका' असं म्हणत होता. आप्पा तोंड उघडणार, इतक्यात त्यांची नजर कालपासून उलट्या पडलेल्या नोटिशीवर गेली आणि तिच्यातली ओळ आठवली. 'उपयुक्त प्राण्यांस दाखल्यासह सूट.' मग नजर कोपऱ्यात मांजरीवर हात ठेवून बसलेल्या अक्कांवर गेली. एकतीस वर्षांचा सराव मदतीला धावून आला.

"मनगटाचं काही सांगता येत नाही," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "प्राणी आहे. तिची आपली पद्धत आहे."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे आप्पा आजही शपथेवर सांगतात.

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. खडू अक्कांची मांडी सोडणार नाही, म्हणून अक्कांसमोर एक स्टूल ठेवलं. माणूस यायचा, स्टुलावर बसायचा, हात पुढे करायचा. खडू त्या हाताकडे ढुंकून बघायची नाही. पण पायजमेवाला आला की तिचे डोळे मोठे व्हायचे, शेपटीचं टोक हलायचं, आणि गप्पकन नाडी! ज्याची पकडली तो घामाघूम. तडक जाऊन रक्त तपासून यायचा. तपासणीत काही निघालं नाही तर म्हणायचा, मांजरीने वेळेवर पकडलं म्हणून निघालं नाही. काही निघालं तर मग विचारायलाच नको. चौथ्या मजल्यावरचे ड्रॉइंगमास्तर साखर वाढलेली निघून गोड सोडून बसले; आता रोज गोड खाणाऱ्याची साखर वाढली नसती तरच नवल, पण श्रेय खडूला.

केमिस्टचं बारीक लक्ष होतं. पाच दिवसांनी त्याने जिन्यात निष्कर्ष सांगितला, "इलॅस्टिकवाल्यांना काही होत नाही." संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या एकूण एक नाड्या उपसल्या गेल्या. ज्या शिंप्याकडे आप्पांचे पायजमे शिवले जात तो म्हणाला, अशी लाट त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. लोक इलॅस्टिक घालून यायचे, स्टुलावर बसायचे, आणि 'नाही पकडली! नाही पकडली!' करत नाचत जायचे. आप्पांना ही शुद्ध फसवणूक वाटली. अप्रामाणिकपणा त्यांना कधी सहन झाला नाही.

पण ह्या गडबडीत एक गोष्ट घडत होती ती आप्पांच्या ध्यानात उशिरा आली. माणसं नाडी दाखवायला म्हणून यायची आणि स्टुलावरून उठायचीच नाहीत. खडू पाय मुडपून बसलेली, तिची घरघर चाललेली, समोर अक्का. मग सुरू. कोणाचा मुलगा फोन करत नाही. कोणाची सून तीन महिने बोलत नाही. खुद्द लाउडस्पीकरबाई एका दुपारी येऊन इतक्या हळू आवाजात काही बोलल्या की दाराआड उभ्या काकूंनाही ऐकू आलं नाही. अक्का म्हणायच्या, "हं." पण 'हं' तरी किती प्रकारचे! एक हं 'अरे बापरे'चा, एक 'मग पुढे?'चा, एक 'तुझंही चुकलंच'चा. लोक हलके होऊन जायचे आणि जिन्यात सांगायचे, "काय हातगुण आहे हो त्या मांजरीचा!"

एकदा ड्रॉइंगमास्तरांची नाडी पकडलेली असताना ते "मी ठणठणीत आहे, मी ठणठणीत आहे!" असं ओरडत खोलीभर फिरले. तेव्हा अक्कांचा खालचा ओठ एका बाजूने हलला. आप्पांनी पाहिलं. काकूंनी पाहिलं. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही, पण त्या दिवशी काकूंनी इलॅस्टिकचा विषय काढला नाही.

आता राहिला दाखला. आप्पा ऐटीत नगरपालिकेत गेले. त्यांना वाटलं होतं, एकतीस वर्षांचा माणूस आलाय म्हटल्यावर लोक खुर्च्या सोडून उठतील. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "श्वान की इतर?"

"मी इथेच होतो, रेकॉर्डला."

"श्वान की इतर?"

"…इतर. मांजर. उपयुक्त प्राणी म्हणून दाखला हवा."

बाईंनी तक्ता काढला. "दूध देते?"

"पिते."

"ओझं वाहते?"

"नाही."

"राखण करते?"

"झोपते."

"मग उपयोग काय?"

आप्पा इकडे-तिकडे बघून खिडकीत तोंड घालून म्हणाले, "नाडी."

बाईंनी चष्मा काढून पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. मग चष्मा लावला. "असा रकाना नाही. जनावरांच्या डॉक्टरांचं पत्र आणा, नाडीचा उल्लेख असलेलं. मग शिक्का मिळेल." आणि आप्पा वळले तेव्हा मागून म्हणाल्या, "जुनी नियमावली रेकॉर्डला मागितली होती. तीन वर्षं झाली, म्हणतात वर सहीला गेलीय." आप्पा न थांबता निघाले.

जनावरांचे डॉक्टर तरुण होते आणि दुर्दैवाने प्रामाणिक. त्यांनी खडूला टेबलावर घेऊन दात, कान, पोट सगळं बघितलं आणि आप्पांचं म्हणणं हसू दाबत ऐकलं.

"काका, मांजर नाडी बघत नाही हो. पण काही कळत नाही असंही नाही. माणसाच्या अंगाचा वास बदलतो, आवाज बदलतो, पाऊल टाकायची पद्धत बदलते. आपल्या माणसाचं बिनसलं की ह्यांना ते बरेचदा जाणवतं. मग जवळ येऊन बसतात. औषध म्हणाल तर तेवढंच."

"तेवढं लिहून द्या."

"'जवळ बसते' असं? त्यावर कोण शिक्का मारेल? मी फक्त हिची तब्येत लिहू शकतो." आणि त्यांनी लेटरहेडवर लिहिलं: 'मांजर, मादी, पांढरी. वजन योग्य. दृष्टी उत्तम. नाडी उत्तम.'

आप्पांनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेतले. कागदपत्रांचं एक बरं असतं. खरं काय आहे ते त्यांना विचारावं लागत नाही. खिडकीतल्या बाईंनी 'नाडी उत्तम' ह्या शब्दांखाली रेघ ओढली आणि धाडकन शिक्का मारला.

पंधराव्या दिवशी, रविवारी सकाळी, इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये सभा भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या. आप्पा मुद्दाम नाडीचा पायजमा घालून आले होते. सगळ्या हॉलमध्ये तेवढी एकच नाडी उरली होती. पहिल्या रांगेत अक्का, मांडीवर खडू. त्यांना खाली आणायला नको असं काकू म्हणत होत्या, पण अक्का स्वतःच मांजर उचलून उठल्या होत्या. जिना उतरताना त्यांनी खडूला इतकं घट्ट धरलं होतं की आप्पांना बघवलं नाही.

सेक्रेटरींनी दाखला प्रकाशाकडे धरून बघितला. "नाडी उत्तम. ठीक. मग दाखवा की." त्यांनी बाही वर केली आणि मनगट खडूच्या नाकापुढे धरलं. "बघ माझी."

खडूने जांभई दिली.

"कंटाळली आहे," केमिस्ट म्हणाला.

"का, मी निरोगी आहे म्हणून? ही घ्या, ह्यांची बघ. ह्यांची बघ." सेक्रेटरींनी चार जणांची मनगटं पुढे केली. खडूने डोळे मिटले. हॉलमध्ये कुजबुज वाढली. ड्रॉइंगमास्तर म्हणाले, "मी मग गोड उगाचच सोडलं की काय?"

"सभासदहो," सेक्रेटरी म्हणाले, "हे मांजर निरुपयोगी आहे. माझा कोणावर राग नाही. नियम म्हणजे नियम. आजच संध्याकाळी हलवा. मतदान घेऊ या."

आप्पांनी अक्कांकडे पाहिलं. त्या कोणाकडेच बघत नव्हत्या. दहा महिन्यांपूर्वी ट्रंक घेऊन दारात उभ्या होत्या तेव्हा जो चेहरा होता, तोच चेहरा.

आप्पा उभे राहिले. आणि बोलायला लागले.

"थांबा! तुम्हाला काय माहीत आहे ह्या मांजरीबद्दल? आतापर्यंत हिने एकशे बेचाळीस नाड्या पकडल्यात. एकशे बेचाळीस! तुमचे मोठमोठे डॉक्टर पेशंट हाताबाहेर गेला की मला फोन करतात, 'आप्पा, तेवढं खडूला विचारा.' परवा एक सर्जन आले, वेष बदलून! हिची आई तर ह्याहून हुशार. ती फोनवरून सांगायची. रिसीव्हर कानाला लावायचा, पलीकडच्याने मनगट धरायचं…"

लोक ऐकत होते. विश्वास कोणाचाच नव्हता, पण उठावंसंही कोणाला वाटत नव्हतं. आप्पांनाही आता थांबता येईना. उतारावर सायकलचा ब्रेक तुटावा तसं झालं.

"आणि आमचे दाजी! दाजींची नाडी डॉक्टरांच्या आधी हिनेच ओळखली होती! आठ दिवस आधी! त्यांच्या मनगटावर पंजा ठेवून तीनदा म्यांव केलं, आणि तेव्हाच मी म्हटलं…"

आपण काय बोललो ते आप्पांना बोलून झाल्यावर ऐकू आलं. तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

तेवढ्यात खडू उठली. अक्कांच्या मांडीवर उभी राहिली, पाठीची कमान करून आळस दिला, अक्कांच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि खाली उडी मारून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. जणू तिचं काम संपलं.

आप्पांना ती रिकामी मांडी दिसली. मग ती मांडीही दिसेना, कारण अक्का उभ्या राहिल्या होत्या.

"बाळ्या!"

आवाज हॉलच्या भिंतींवर आपटून परत आला. बाहेर रस्त्यावर कोणाची तरी स्कूटर बंद पडली.

"खोटं! साफ खोटं! कुठला पंजा आणि कुठलं म्यांव? तिला काही नाडीबिडी कळली नाही. ती नुसती त्यांच्या पायांशी येऊन बसली आणि हलेना. ते म्हणायचे, उठव हिला, पाय अवघडलेत. मी म्हणायची, राहू दे हो, तिला बसायचंय. शेवटपर्यंत बसली. एवढंच. ह्याच्यापेक्षा जास्त तिने काही केलं नाही, आणि ह्याच्यापेक्षा जास्त कोणी करूही शकलं नाही!"

लाउडस्पीकरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पण अक्का थांबल्या नव्हत्या. दहा महिन्यांची साठवण होती.

"आणि ह्याची नाडी! अहो, ती पायजम्याची नाडी! मांजर दोरीशी खेळते, आणि तुम्ही शिकली-सवरलेली माणसं तिच्यासमोर हात पसरून बसता? मास्तर, मांजरीचं सोडा, तुम्ही गोड सोडलंत ते बरंच केलंत. केमिस्ट, ते यंत्र उलटं धरलंय. आणि बाळ्या, मांजर दूध 'पिलं' नाही, 'प्यायली'! सहा महिने ऐकतेय!" एव्हाना आप्पांचा डावा कान अक्कांच्या चिमटीत होता, आणि आप्पांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कानामुळे नव्हे.

सेक्रेटरी खाकरले. "बाई, ते ठीक आहे, पण नियम चौदा…"

"ती नोटीस आणा इकडे."

सेक्रेटरींनी फायलीतून तिची प्रत काढून दिली. काकूंनी पर्समधून लाल पेन काढून दिलं. पंधरा दिवस त्या ते बरोबर घेऊन हिंडत होत्या.

"'सुचना'तला 'सू' दीर्घ. 'की' दीर्घ. 'रहिवासी'तला 'हि' ऱ्हस्व. 'अंतिम'मधला 'ति' ऱ्हस्व. आणि 'पाळीव'मधला 'ळी' दीर्घ! पाच ओळींत पाच चुका. अशा नोटिशीवर मतदान घेता? शुद्ध लिहून आणा. मी तपासेन. तोपर्यंत मांजर आहे तिथेच राहील. कळलं?"

"हो बाई," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्याबरोबर आणखी पंचवीस-तीस जण 'हो बाई' म्हणाले, ज्यांचा नोटिशीशी काही संबंध नव्हता.

"बसा खाली."

सगळे बसले. ज्यांना खुर्च्या नव्हत्या ते जमिनीवर बसले. एकटे आप्पा उभे राहिले, कारण कान सुटला नव्हता. एवढ्या लोकांत मान जायची वेळ आली की माणसाला काहीतरी बोलावं लागतं. त्यांनी मोकळ्या हाताने नाडीची गाठ चाचपली, घसा साफ केला आणि भारदस्त आवाजात म्हणाले,

"सभासदहो, आता सांगायला हरकत नाही. हे सगळं मी अक्काला बोलतं करायचं म्हणून पहिल्या दिवसापासून अगदी ठरवून…"

"हेही खोटं!" अक्का म्हणाल्या.